जोडलेल्या हातांची थरथर

प्रिय वाचक,

तुमचे पत्र दोनदा वाचले. नऊ वर्षे सोसायटीचे सचिवपद तुम्ही एक पैसा न घेता सांभाळलेत. यंदाच्या वार्षिक सभेत, नव्याने राहायला आलेल्या एका तरुण सभासदाने रंगकामाच्या पावत्या मागितल्या, तेव्हा तुम्ही हात जोडून ‘मी तर आपला सेवक’ म्हणालात, घरी येऊन जेवणाचे ताट सरकवलेत आणि रात्रीच राजीनामा लिहून ठेवलात. माझी नम्रता ढोंगच होती का, असे तुम्ही विचारता.

ढोंग हा शब्द मला जड वाटतो. मात्र हात जोडताना ते थरथरत होते, असे तुम्हीच लिहिले आहे, आणि अख्ख्या पत्रात मला तेच वाक्य सर्वांत खरे वाटले. तुम्ही ‘माझे काय, मी साधा माणूस’ म्हणायचे आणि समोरच्याने ‘छे, तुमच्यामुळेच तर सगळे चालले आहे’ म्हणायचे, हा नऊ वर्षांचा अलिखित व्यवहार त्या मुलाला ठाऊक नव्हता, म्हणून त्याने सरळ पावत्या मागितल्या. वार्षिक सभेपुढे हिशेब ठेवणे १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाने बंधनकारकच आहे, त्यामुळे त्या प्रश्नात अविश्वास शोधायला नको होता. त्याचा सूर उर्मट होता हे मान्य. त्या सुराचा राग येण्याने नम्रतेला बाध येत नाही.

लोकांच्या बोलण्याने उद्विग्न झालेल्या ज्ञानेश्वरांनी ताटी लावून घेतली आणि मुक्ताबाईंनी ती उघडा म्हणून विनवले, ही कथा आपण ‘संतांनाही राग येतो’ एवढ्यापुरतीच सांगतो. मला त्यात दुसरेच मोठे वाटते: समजावणारी बहीण वयाने धाकटी होती, आणि तरी तिचे ऐकले गेले. तुमच्याकडे पत्नी ‘पावत्या दाखवून टाका ना’ एवढेच म्हणाल्या, आणि ताट सरकले.

राजीनामा चार दिवस खणातच राहू द्या. रंगकामाची फाइल काढा, पावत्या तारखेनुसार लावा, एखादी सापडत नसेल तर तसे लिहून ठेवा आणि त्या मुलाला घरी बोलावून चहाच्या आधी फाइल त्याच्या हाती द्या. मग ‘सेवक’ वगैरे न म्हणता, ‘चारचौघांत तुम्ही ज्या सुरात विचारलेत, तो मला लागला’ असे स्पष्ट सांगा.

पत्नीशी मात्र आजच बोला. त्या मुलावर तुम्ही दोन पाने लिहिली आहेत, ताटावर एकच ओळ.