आफ्रिकी सिनेमा शिकायचाय? आधी फ्रेंचचा क्लास लावा

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये तिने सेनेगलचा 'खाला' हा सिनेमा पाहिला. तेव्हापासून स्वातंत्र्यानंतरच्या आफ्रिकी सिनेमावरच एम.ए., पीएच.डी. करायची म्हणून हट्ट धरून बसली आहे. तिचे वडील म्हणतात, बी.एड. कर. यात पुढे पोटापाण्याचं काय?
– एक आई, अहिल्यानगर

उत्तर : ताई, नोकरीचंच आधी बोलू. 'आफ्रिकी सिनेमाचा प्राध्यापक पाहिजे' अशी जाहिरात आपल्याकडे पाहायला मिळणं अवघड. जागा निघतात त्या इंग्रजी, जनसंज्ञापन, तौलनिक साहित्य अशा विषयांच्या. म्हणून एम.ए.ची पदवी अशा विषयाची घ्यावी की जी नेटच्या (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या) यादीत बसते, आणि आफ्रिकी सिनेमा हा प्रबंधाचा विषय ठेवावा. बी.एड.ची घाई नको. ते एम.ए.नंतरही करता येतं.

मुलीची निवड मात्र उथळ नाही. सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांचा 'खाला' 1975 चा. सुरुवातीलाच आफ्रिकी व्यापारी राजधानी डाकारच्या चेंबर ऑफ कॉमर्समधून फ्रेंचांना बाहेर काढतात, त्यांचे पुतळेही उचलून पायऱ्यांवर ठेवतात. थोड्याच वेळात तेच व्यापारी सुटाबुटात टेबलाभोवती बसलेले दिसतात, आणि तेच गोरे परत येऊन प्रत्येकासमोर नोटांनी भरलेली ब्रीफकेस ठेवतात. सेनेगल 1960 ला फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांचा हिशेब या काही मिनिटांत मांडलाय, आणि म्हणूनच तिथल्या सेन्सॉरने या सिनेमाला कात्री लावली. सेम्बेन यांच्याच त्याआधीच्या 'मांदाबी'त (1968) पॅरिसहून भाच्याने पाठवलेली 25,000 फ्रँकची मनीऑर्डर म्हाताऱ्या मामाला वटवता येत नाही. ओळखपत्र नाही, ओळखपत्राला जन्मदाखला लागतो, दाखल्यासाठी ओळख लागते. तिने हा सिनेमा लगेच पाहावा.

आता फ्रेंच. इथेच बहुतेकांची गाडी अडते. 'खाला'त बडा व्यापारी फ्रेंच बोलतो आणि त्याची मुलगी रामा मुद्दाम वोलोफ या स्थानिक भाषेत उत्तर देते. इंग्रजी सबटायटल दोन्ही वाक्यं एकाच साच्यात देतं, त्यामुळे बापलेकीतलं सगळं भांडण निसटतं. शिवाय सेनेगलसारख्या पूर्वीच्या फ्रेंच वसाहतींतल्या मुलाखती, परीक्षणं, सरकारी कागद बहुतांश फ्रेंचमध्येच आहेत. पुण्यात आणि मुंबईत आलिआन्स फ्रान्सेज ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे, ऑनलाइन वर्गही मिळतात. शून्यापासून बी-2 पातळीला (म्हणजे स्वतःच्या बळावर वाचता-बोलता येण्याइतपत) साधारण 500 ते 600 तास लागतात. आठवड्याला सहा तास धरले तरी दोन वर्षं. म्हणजे क्लास एम.ए.ला प्रवेश मिळाल्यावर नव्हे, आत्ताच लावायचा. या पातळीच्या प्रमाणपत्र परीक्षेला, म्हणजे डेल्फ बी-2 ला, 100 पैकी 50 गुण लागतात, आणि चारही विभागांत 25 पैकी किमान 5. ऐकण्याच्या विभागात आपल्याकडची मुलं फार अडखळतात, त्यामुळे पहिल्या महिन्यापासून रोज वीस मिनिटं फ्रेंच रेडिओ ऐकायची सवय हवी. वोलोफ नंतर शिकता येईल. ती पॅरिसच्या इनाल्को या भाषासंस्थेत शिकवतात.

एम.ए.साठी दोन ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवा. दिल्लीच्या जेएनयूतलं कला आणि सौंदर्यशास्त्राचं एम.ए., ज्यात सिनेमाचा अभ्यास येतो. त्याचा प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. दुसरं कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ, जिथे फिल्म स्टडीजचाच विभाग आहे. पण दोन्हींपैकी कुठेही गेली तरी त्या पदवीवर नेट कोणत्या विषयात देता येईल, हे अर्ज भरण्याआधी विभागाला लेखी विचारा. घराजवळ राहायचं असेल तर इंग्रजीत एम.ए. करून प्रबंध या विषयावर करता येतो. मुंबई विद्यापीठात कलिनाला आफ्रिकन स्टडीजचा विभाग आहे. इतिहास आणि अर्थकारणाची बाजू तिथे समजून घेता येईल.

अर्थकारण म्हणतोय ते उगाच नव्हे. या जुन्या फ्रेंच वसाहतींतल्या दिग्दर्शकांच्या कितीतरी सिनेमांना पैसा फ्रेंच सरकारकडूनच मिळाला, आणि थिएटरमधलं वितरणही बराच काळ फ्रेंच कंपन्यांच्या हातात होतं. 'मांदाबी'ला फ्रेंच सरकारी निधी मिळाला म्हणून तो वोलोफबरोबर फ्रेंचमध्येही चित्रित करावा लागला. नव्या सत्ताधाऱ्यांवर टीका करणारा सिनेमा जुन्या सत्तेच्या पैशावर कसा उभा राहिला, हा प्रश्न सोडून केलेला प्रबंध पोकळ ठरतो. दुसरी चूक विषय अफाट घेण्याची. 'आफ्रिकी सिनेमातील वसाहतोत्तर जाणीव' हा विषय कुठलाही चांगला मार्गदर्शक परत पाठवेल. माली, सेनेगल, नायजेरिया यांचा सिनेमा एका दावणीला बांधता येत नाही. 'डाकारमधलं सरकारी कार्यालय, 1963 ते 1975' एवढं छोटं धरलं तर तीन सिनेमांत प्रबंध उभा राहतो.

पुढे मार्गदर्शकाला दाखवता येईल असा लेखनाचा नमुना आतापासून तयार करा. एकाच सिनेमातली चार-पाच मिनिटं घ्यायची आणि तक्ता करायचा : वेळ, शॉट, कोण कोणत्या भाषेत बोलतो, आवाज, वस्तू. त्यावरून 2,500 शब्द. कथा सांगण्यात 300 पेक्षा जास्त शब्द घालवू नयेत; नमुने नापसंत होण्याचं मोठं कारण तेच असतं. प्रत विकत घेताना काळजी घ्या. अमेरिकेतली ब्लू-रे 'ए' विभागाची असते आणि आपण 'सी' विभागात येतो, त्यामुळे साध्या प्लेअरवर ती चालेलच असं नाही.

पैशाचं स्पष्ट लिहितो. नेटसाठी खुल्या गटात एम.ए.ला 55 टक्के लागतात. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, पण आपल्या राज्यात अनेकांची वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर जातात, हे वडिलांची काळजी चुकीची नाही म्हणून सांगतोय. त्यावर उतारा फ्रेंचच आहे. बी-2 असेल तर अनुवाद, सबटायटल, फ्रेंच शिकवणं यांतून पीएच.डी.च्या काळात खर्च भागू शकतो. म्हणून वडिलांना इतकंच सुचवा : पुढचे सहा महिने फ्रेंचची फी भरा आणि त्या काळात तिने तो 2,500 शब्दांचा नमुना पूर्ण करून दाखवावा. क्लासही नियमित चालला आणि लेखही झाला, तर सीयूईटीचा अर्ज भरायला हरकत नाही.