निर्णय चुकला हे नंतर कळलं, तर पंचाने काय करावं? आणि खेळाडूने?

प्रश्नात तुम्ही २०१०च्या डेट्रॉइटच्या बेसबॉल सामन्याचं उदाहरण दिलंय, म्हणून लिहायला बसलो. माझा आतेभाऊ (आम्ही त्याला दादा म्हणतो) हेच उदाहरण घरच्या ग्रुपवर माझ्या तोंडावर मारतो. "गलारागाचा परफेक्ट गेम गेला तरी तो हसलो. तू एका रनआउटसाठी अजून रडतंस!" (गलारागा हा डेट्रॉइटचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. परफेक्ट गेम म्हणजे समोरचे २७ फलंदाज ओळीने बाद, एकही बेसवर पोचू द्यायचा नाही.)

तो रनआउट सांगतोच. देवगड तालुक्यात आमच्या वाडीच्या वर सडा आहे. मे महिन्यात चाकरमानी आले की तिथे टेनिस बॉलची स्पर्धा होते. फायनलची शेवटची ओव्हर माझी होती. त्यांचा सेट झालेला फलंदाज मिडविकेटला ढकलून चोरटी धाव घ्यायला गेला. थ्रो थेट माझ्या हातात आला, मी स्टंप उडवले तेव्हा त्याची बॅट क्रीजच्या बाहेर, तीही हवेत. पंच दादाच. अशा वेळी पंचाने बाजूला पळून क्रीजच्या रेषेत यायचं असतं. हा यष्ट्यांमागून हललाच नाही. नॉटआउट! परत स्ट्राइक मिळताच त्या फलंदाजाने बॉल करवंदीच्या जाळीत टाकला. सामना गेला.

संध्याकाळी एका पोराने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. दादाने तो निरखून बघितला आणि म्हणाला, "पंचान दिल्यान तां दिल्यान. आता चुकलंय म्हणून सांगलंय तर उद्या माका कोण उभो करतलो?"

दादा डेट्रॉइटची गोष्ट अर्धीच सांगतो, पूर्ण गोष्ट इथे. २६ फलंदाज ओळीने बाद झाले होते आणि २७व्याला पहिल्या बेसवर पंच जिम जॉइसने सेफ, म्हणजे नाबाद, दिलं. सामन्यानंतर त्याने रीप्ले बघितला, त्याच रात्री पत्रकारांपुढे चूक कबूल केली आणि गलारागाला भेटून रडत माफी मागितली. बेसबॉल लीगचा तेव्हाचा आयुक्त बड सेलिगने निकाल बदलला नाही. पण दुसऱ्या दिवशी होम प्लेटमागे, म्हणजे मुख्य पंचाच्या जागी, जॉइसच उभा होता, आणि त्याच्या हातात लाइनअप कार्ड (संघाची यादी) द्यायला गलारागाच आला. त्याच महिन्यात ईएसपीएन या क्रीडावाहिनीने बेसबॉल खेळाडूंना सर्वोत्तम पंच विचारला, तेव्हा सर्वाधिक मतं जॉइसलाच पडली. दादा, तुका कोण उभो करतलो ह्याचा उत्तर ह्यां!

खेळाडूने काय करावं? आपला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथने १९८०ला वानखेडेवरच्या कसोटीत बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं. मग टेलर-बोथम जोडीने धुतलं आणि आपण १० गड्यांनी हरलो. मोठं मन हवं, पण ते गावच्या फायनलला कोणाकडून मागू नये. त्या फलंदाजाला मी दोष देत नाही. बाद आहे की नाही ते बघायला पंच ठेवलेला असतो.

आता खरं ते सांगायला हवं. गलारागा हसला ते माफीच्या आधीच, निर्णय आल्या आल्या. आणि डेट्रॉइट तो सामना ३-० जिंकलंही. आमचा मात्र चषक गेला आणि बक्षिसाचा बोकडही. शिवाय मोबाइलच्या व्हिडिओवरून मैदानात निर्णय फिरवावेत असं मी म्हणत नाही, वाडीत मारामाऱ्या होतील. रात्री चहाला बसल्यावर तरी सांगा, एवढंच.

यंदा पंच कोण, यावर मंडळाची बैठक व्हायची आहे. दादाचं नाव आलं तर मी हरकत घेणार आहे. त्याने हे वाचलं तरी चालेल.