रात्री नऊ ते बारा, बंदर रोड

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई कोकणातल्या पोलीस ठाण्यांत नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : ताई, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावात माझं जाळी, दोर, बोये विकायचं दुकान आहे. वडील रात्री दहापर्यंत दुकानात बसायचे, मी हल्ली आठलाच फळ्या लावतो. गेल्या गणपतीपासून बंदर रोडवर मारामाऱ्या वाढल्यात. शिमग्यात पालखी पुढे गेल्यावर अकराच्या सुमाराला दोन गट भिडले. एप्रिलात रात्री दहाला वडापाववाल्याने उधारी मागितली म्हणून त्याला मारलं. मेमध्ये साडेदहाला पर्यटकांच्या गाडीची काच फोडली. जुलैत माझा पुतण्या ‘गाडी बाजूला घे’ एवढंच म्हणाला, तर त्याच्या दंडावर फुटकी बिअरची बाटली मारली, अकरा टाके पडले. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. हे सगळं मच्छी मार्केटचा नाका ते जेटीचं गेट एवढ्याच पट्ट्यात, आणि मार्केटमागे तर अंधारच असतो. पुतण्याची ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) करून पाठवलं. आम्ही दीडशे जणांनी मोर्चा नेला, ‘पोलीसबळ वाढवा, चौकी द्या, परप्रांतीय खलाशांना आवरा’ असं निवेदन दिलं. साहेब म्हणाले, माणसंच नाहीत. मारणाऱ्यांना गाव टोपणनावानं ओळखतं, पण साक्षीला कोण पुढे येत नाही. आमची पोरं म्हणतात, आता आपणच बघून घेऊ. पोलीस खरंच वाढवून मिळतात का? मागायचे कुणाकडे?

उत्तर : दादा, फुटक्या बाटलीने पडलेल्या अकरा टाक्यांची एनसी होत नाही. पोलीसबळाचं नंतर बोलू, कारण त्याचा रस्ता या टाक्यांवरूनच जातो.

हाताबुक्क्यांनी मारलं, साधी दुखापत झाली, तर ते भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत असा गुन्हा. फुटकी बाटली मात्र हत्यार झालं. ते कलम ११८(१), शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर घ्यावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत एक सवलत आहे. ज्या गुन्ह्याला तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यात डीवायएसपींच्या (पोलीस उपअधीक्षकांच्या) परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तेव्हा कुणी ‘चौकशी चालू आहे’ म्हणालं, तर परवानगी कोणत्या तारखेची, ते विचारा. पुतण्याला दवाखान्याचे कागद आणि लेखी तक्रार घेऊन परत पाठवा. नाही घेतली, तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना. तिथेही हललं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. कलम १७३(४) मध्ये हाच क्रम दिला आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

हे मी इतकं लावून धरते, कारण ठाणे अंमलदाराच्या खुर्चीत बसून मी स्वतः उलट वागले आहे. पावसाळ्यातली रात्र होती. एक आई मुलाला घेऊन आली. मुलाचा शर्ट फाटलेला, पाठीवर लोखंडी पाइपाचे वळ. ठाण्यात आम्ही दोघंच होतो, बाकीचे खाडीत बुडालेल्याच्या पंचनाम्याला गेलेले. मी म्हटलं, ‘बाई, गावातलीच पोरं आहेत, मिटवून घ्या,’ आणि एनसी लिहिली. तीन आठवड्यांनी त्याच पोरांनी त्याच मुलाला गाठलं. त्याचा डावा डोळा गेला. पुढे कोर्टात ती आई माझ्या शेजारच्या बाकावर बसली होती. मला काही बोलली नाही. त्या रात्री मी पाइप हा शब्द नीट लिहिला असता तर ती पोरं दुसऱ्या दिवशी ठाण्यात असती. वरिष्ठांनाही कळलं असतं की या गावात पाइप निघायला लागलेत. एनसीच्या वहीतल्या ओळींवर कुणी माणसं पाठवत नाही.

आता माणसांचं. तुमचे साहेब खोटं बोलले नाहीत. समजा तालुक्याच्या ठाण्यात पटावर तीस जण आहेत. रात्रपाळी करून पाच झोपायला गेले. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण मिळून पाच. कोर्टात दोन, समन्स-वॉरंट घेऊन गावोगाव दोन. ठाणे अंमलदार, वायरलेस आणि संगणक यांच्या पाळ्यांना चार. कोठडीच्या गार्डला दोन, मुद्देमाल आणि गुन्ह्यांच्या कागदांना दोन, बंदरावर लँडिंग पॉइंटला, म्हणजे बोटी लागतात तिथल्या पहाऱ्याला, दोन, वरच्या कार्यालयात कामाला लावलेले दोन. उरले चार. त्यांतच तालुक्यातली सगळी गावं, अपघात, घरगुती भांडणं आणि तुमचा बंदर रोड. एखादा मंत्री दौऱ्यावर आला की त्या चारांतलेही दोन जातात.

म्हणून लँडिंग पॉइंटवरची माणसं रस्त्यावर आणा, असं काही जण सुचवतात. ते निवेदनात लिहू नका. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स रायगडात शेखाडीला उतरलं होतं आणि २००८ ला हल्लेखोर समुद्रातूनच मुंबईत शिरले. आपल्या राज्याचा किनारा शेकडो किलोमीटरचा आहे, ती राखण काढून घेण्यासारखी नाही.

ठाण्याची मंजूर पदं ठाण्यात ठरत नाहीत, जिल्ह्यातही नाही. ती गृह विभाग ठरवतो. प्रस्ताव अधीक्षकांकडून कोकण परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे, तिथून महासंचालकांकडे आणि मग मंत्रालयात. आमदारांना तो लावून धरायला सांगा, जरूर सांगा, पण त्याला वर्षं लागतात. चौकीचं तर मी स्पष्टच सांगते. उद्घाटनाची फीत कापून महिन्याभरात कुलूप लागलेल्या चौक्या मी डोळ्यांनी बघितल्यात. खोली बांधून मिळते, तिच्यात बसायला माणूस मिळत नाही.

अधीक्षकांच्या एका सहीने होणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. ठरावीक जागी ठरावीक वेळी फिक्स पॉइंट, पायी गस्त, मुख्यालयातून काही दिवसांची जादा माणसं, सणाला होमगार्ड. तुमच्या मागणीत यातलं एकही नाही. आणि काय मागायचं ते तर तुमच्याच पत्रात आहे! चारही घटना रात्री दहा ते सव्वाअकराच्या, चारही मार्केटचा नाका ते जेटीचं गेट यांच्यामधल्या. मग ‘पोलीसबळ वाढवा’ असं मोघम कशाला लिहायचं? लिहा, ‘मच्छी मार्केट नाक्यावर रोज रात्री नऊ ते बारा दोन अंमलदारांचा फिक्स पॉइंट द्यावा.’ खाली चार तारखा, चार वेळा, एफआयआर किंवा एनसीचे नंबर. दीडशे सह्यांपेक्षा अधीक्षक ही यादी आधी वाचतील. गणपतीच्या बंदोबस्ताची आखणी या दिवसांत चालू असते, म्हणून निवेदन याच आठवड्यात गेलं पाहिजे. यापुढे काही घडलं तर बघणाऱ्यांनी एकमेकांना फोन न करता ११२ लावावा, म्हणजे वेळेसकट नोंद राहते. एनसीलाही आता थोडं वजन आलंय. नव्या संहितेप्रमाणे अदखलपात्र नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो.

जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये फी, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर. ठाण्याची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि त्यांतले इतरत्र संलग्न किती, हे विचारा. ‘संलग्न’ हा शब्द विसरू नका. पगार तुमच्या ठाण्याच्या पटावर आणि काम भलत्याच कार्यालयात, अशी माणसं त्यातच सापडतात. ती परत मागायला मंत्रालयात जावं लागत नाही. मार्केटमागच्या अंधाराचं पत्र नगरपंचायतीला वेगळं द्या, पोलिसांच्या निवेदनात ते हरवेल.

खलाशांबद्दलची ओळ मात्र खोडा. मला ती वाचून वाईट वाटलं. पुतण्याला मारलं जुलैत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या, खलाशी हिशेब घेऊन आपापल्या गावी गेलेले. हे जाळी विकणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. शिवाय मारणाऱ्यांना गाव टोपणनावानं ओळखतं, असं तुम्हीच लिहिता. ती पोरं तुमच्या वाडीतली आहेत, कुणाची तरी भाचे-पुतणे आहेत, म्हणून नाव घेताना जीभ अडखळते. ती ओळ ठेवलीत तर काय होईल ते मी बघितलेलं आहे. उरलेले चार अंमलदार बोटींवर खलाशांची कागदपत्रं तपासत फिरतील आणि नाक्यावरची पोरं नाक्यावरच राहतील.

‘आपणच बघून घेऊ’ म्हणणाऱ्या मुलांना आज संध्याकाळीच घरात बसवून सांगा. पाच जण एकत्र येऊन मारायला निघाले की तो बेकायदेशीर जमाव. पाच किंवा जास्त जणांनी एखाद्याला त्याच्या भाषेवरून, जन्मस्थानावरून जबर दुखापत केली तर न्याय संहितेच्या कलम ११७(४) खाली त्यांतल्या प्रत्येकाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्याने काठी धरली त्यालाच असं नाही, प्रत्येकाला. नंतर बोटीवर, कंपनीत, परदेशात जिथे जाईल तिथे चारित्र्य पडताळणी आडवी येते.

साक्षीची भीती खरी आहे, मी ती कमी लेखत नाही. पण सगळंच कोर्टात उभं राहून सांगावं लागत नाही. नेहमीच्या मारामारी करणाऱ्यांवर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ ची कारवाई होते, ठाण्यात आजही तिला चॅप्टर केसच म्हणतात. कार्यकारी दंडाधिकारी एक वर्षापर्यंतचं शांततेचं बंधपत्र घेतात. ते मोडलं की आत. त्याहून पुढचं म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ५६, तडीपारी, दोन वर्षांपर्यंत. तो प्रस्ताव प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतो आणि त्यासाठी साक्षीदारांचे गोपनीय जबाब घेतात. जबाब देणाऱ्याचं नाव त्या पोरांना दिलं जात नाही. माझ्या नोकरीत असे प्रस्ताव दोन जबाबांवाचून पडून राहिलेले मी पाहिले. दोनच जबाब हवे होते! वडापाववाल्याकडे तुम्ही स्वतः जा, साहेबांना घेऊन नको. त्याच्याशी बोला, आणि तो तयार झाला तर दुसरा जबाब तुमचा द्या.

प्रश्न : आमच्याकडे (सिंधुदुर्ग जिल्हा) पोलीस वाढवले, आता रोज रात्री गाडी फिरते. बाजारात मारामारी झाली तेव्हा माझा सोळा वर्षांचा मुलगा नुसता उभा होता. त्याला ठाण्यात नेऊन पहाटेपर्यंत बाकावर बसवलं, मला कळवलंही नाही. पुन्हा बोलावतील अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : बाई, तुमची भीती रास्त आहे. गस्त वाढली की गाडीत भरताना कोण उभा होता आणि कोण मारत होता हे बघायला वेळ नसतो, आणि पोरं घाबरून पळतात म्हणून जास्तच संशय येतो. पण सोळा वर्षांचा मुलगा कायद्याने बालक आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे त्याला कोठडीत ठेवता येत नाही. ताब्यात घेतलंच तर बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं, आईवडिलांना कळवायचं आणि २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. तुम्हाला कळवलं नाही ही चूकच झाली. झालेल्या रात्रीची तारीख आणि वेळ घालून अधीक्षकांना साधं पत्र लिहा, भांडणाची भाषा नको.

पुन्हा बोलावलं तर आधी विचारा, संशयित म्हणून की साक्षीदार म्हणून. साक्षीदार असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो, तो हातात घ्या. मग मुलाबरोबर तुम्ही जा, दिवसा जा, आणि तो बोलत असताना शेजारी बसा. त्याने जे पाहिलं ते त्याला सांगू द्या, मध्ये अडवू नका. जाताना शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखल्याची झेरॉक्स पिशवीत ठेवा. रात्रीच्या वेळी ठाण्यात कुणाच्या वयाचा अंदाज चेहऱ्यावरूनच लावला जातो, आणि कोकणातली खेळणारी, पोहणारी पोरं सोळाव्या वर्षीच वीस वर्षांची दिसतात.