क्रॉस्बी, माल्किन आणि आमच्या गावचा टेबल फॅन

तुमचा प्रश्न दोन भागांचा आहे, आधी तो नीट मांडून घेतो. कुणीतरी तुम्हाला मोबाईलवर आइस हॉकीच्या क्लिपा दाखवल्या. पिट्सबर्ग पेंग्विन्सच्या सिडनी क्रॉस्बी आणि येवगेनी माल्किन या दोघांत खरा खेळाडू कोण, आणि एकाला काढलं असतं तर संघाचे 2009, 2016 आणि 2017 चे स्टॅनले चषक (तिकडच्या एनएचएल लीगचं विजेतेपद) आले असते का, हे तुम्ही विचारलंय. खाली हळूच एक ओळ जोडली आहे: तुमच्या गावच्या कबड्डी संघातही असेच दोन चढाईवाले आहेत, दिवाळीनंतरचे सामने तोंडावर आलेत आणि गावात दोन तट पडलेत. मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न ही खालची ओळच आहे. तरीही मी आधी पिट्सबर्गला जाऊन येतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात 31 वर्षं खेळाचा मास्तर होतो. शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालं. त्या मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी करून दाखवली होती, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात पाठ करायला लावायचे. आइस हॉकीचा आणि माझा संबंध पुतण्यामुळे आला. तो शिकायला पिट्सबर्गला गेला आणि त्याला या खेळाचा नाद लागला. मला तर बर्फ ठाऊक होता तो रसवंतीवरचा.

13 जून 2009 ची सकाळ मला अजून आठवते. तिकडे 12 तारखेची रात्र होती. कपाशीची धूळपेरणी करून आम्ही आभाळाकडे डोळे लावून बसलो होतो आणि मी धुऱ्यावर उभा राहून फोन कानाला लावला होता. डेट्रॉइटमध्ये अंतिम फेरीचा सातवा सामना चालू होता आणि पुतण्या तिकडून धावतं समालोचन करत होता. दुसऱ्या डावात क्रॉस्बी कडेच्या फळीवर आदळला, गुडघा गेला. पुतण्या रडकुंडीला आलेला. "काका, संपलं. कप्तानच बसला!" मी त्याला म्हटलं, दुसरा हाय ना बापा अजून मैदानात. तिसरा डाव क्रॉस्बीने जवळपास सगळा बाकावर बसून काढला. पिट्सबर्ग 2-1 ने जिंकलं. दोन्ही गोल मॅक्स टॅल्बट नावाच्या, एरवी कुणाच्या तोंडी नसलेल्या खेळाडूचे. त्यातल्या पहिल्या गोलाचा पास माल्किनच्या नावावर आहे.

आता हे दोघं एकत्र कसे बसले, ते सांगतो. लोक "जोडी" म्हणतात आणि आपल्या डोळ्यांपुढे शंकरपट येतो. तळेगाव दशासरचा पट पाहिलेल्याला हे समजावून सांगायला नको: दोन बैल एका जुवाखाली, एक जरा मागे पडला की छकडा तिरपा जातो. क्रॉस्बी-माल्किन तसे नव्हते. दोघंही सेंटर, म्हणजे आक्रमणाच्या मधली एकच जागा दोघांची. आइस हॉकीत गोलरक्षक सोडून पाच जण बर्फावर असतात, आणि एकेकाची पाळी सुमारे पाऊण मिनिटाची. दम संपायच्या आधी माणूस बाकावर, दुसरा बर्फावर, खेळ चालूच. त्यामुळे क्रॉस्बीची तुकडी बाकावर परतली की माल्किनची तुकडी बर्फावर. रात्रीच्या लाईनीवर दोघा भावांनी ओलिताच्या पाळ्या वाटून घ्याव्यात, तसं. एकच मोटर, पण ती थांबत नाही. समोरच्याचा एखादा गडी शिक्षा भोगायला बाहेर बसला, किंवा आपण मागे पडलो, की मग दोघांना एकदम उतरवायचं. तो झाला अपवाद.

यातली गोम समोरच्या संघाच्या बाजूने पाहा. प्रत्येक संघाकडे बचावाची एकच अव्वल जोडी असते. ती क्रॉस्बीला लावायची की माल्किनला? 2009 ला डेट्रॉइटने हेन्रिक झेटरबर्गला क्रॉस्बीच्या अंगाला चिकटवला. सात सामन्यांत क्रॉस्बीचा एकच गोल झाला, म्हणजे डावपेच साधला म्हणायचा. पण तो साधायला जी माणसं खर्ची पडली, ती माल्किनसमोर नव्हती. त्या वर्षीच्या बाद फेऱ्यांत माल्किनचे 24 सामन्यांत 36 गुण (गोल आणि गोलाचे पास मिळून) झाले आणि सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ किताब त्याला गेला. क्रॉस्बीचे 31. आता या 36 मधले क्रॉस्बीने बाजूला ओढून नेलेल्या बचावामुळे किती आले, याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

2016 ला तर आणखी मजा. बचाव या दोघांमागे, आणि तिसऱ्या तुकडीतला फिल केसल 22 गुण करून संघात सर्वांच्या पुढे. किताब मात्र क्रॉस्बीला, 19 गुणांवर. 2017 ला माल्किनचे 28, क्रॉस्बीचे 27, आणि किताब पुन्हा क्रॉस्बीला. माल्किनच्या गावाकडच्या, म्हणजे रशियातल्या मॅग्निटोगोर्स्कच्या लोकांनी यावर पारावर बसून काय काय बोलून घेतलं असेल, याची मी कल्पना करू शकतो.

एकाला काढलं तर काय, याचं उत्तर दुखापतींनी देऊन ठेवलंय. जानेवारी 2011 मध्ये क्रॉस्बीच्या डोक्याला मार बसला, फेब्रुवारीत माल्किनचा गुडघा गेला. दोघंही नसताना पिट्सबर्ग पहिल्याच फेरीत टॅम्पा बेशी 3-1 ने पुढे असूनही हरलं. पुढच्या हंगामात क्रॉस्बी जेमतेम 22 सामने खेळला, तर माल्किनने 50 गोल, 109 गुण आणि हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट किताब उचलला. म्हणजे एकटा माल्किन संघ ओढू शकत होता, हे खरंच. पण बाद फेरीपर्यंत क्रॉस्बी परतला, दोघं सोबत खेळले, आणि फिलाडेल्फियाने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. तेव्हा दोघं आहेत म्हणजे ढाल आपलीच, असं कुणी गावात सांगत असेल तर त्याला हे 2012 सांगा.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणाल तर: 2009 माल्किनशिवाय नाही, 2016 आणि 2017 क्रॉस्बीशिवाय नाही, आणि तिन्हींपैकी एकही कुणा एकट्याचा नाही. सगळी कारकीर्द पाहून एकच नाव घ्यायला लावलं तर मी क्रॉस्बी म्हणेन. पण हा पारावरचा विषय झाला, संघ चालवणाऱ्याचा नाही.

संघ चालवणाऱ्यांनी तिकडे काय केलं ते माझ्या मते जास्त कामाचं. 2007 ला कप्तानी क्रॉस्बीला दिली, 19 वर्षांच्या पोराला. माल्किनला तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं. तो संघातल्याच सर्गेई गोंचारच्या घरी राहायचा आणि गोंचार त्याचा दुभाषी. क्रॉस्बी मारिओ लेम्यूच्या घरी राहायचा, म्हणजे संघाच्या मालकाकडे! आपल्याकडे एवढ्यावर संघ फुटला असता. पण 2008 ला माल्किनचा नवा करार झाला तो क्रॉस्बीच्याच आकड्यावर: पाच वर्षं, वर्षाला 87 लाख डॉलर. दोघांच्या घरी एकच आकडा पोचला. कप्तानी एकाकडे, पैसा सारखा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आमच्या गावचं. नावं देत नाही, दोघंही हयात आहेत आणि एकाच्या दुकानातून माझा किराणा येतो. एक वरच्या पुऱ्यातला, उंच, हात लांब, बोनस आणि हाताने गडी टिपण्यात पटाईत. दुसरा खालच्या पुऱ्यातला, ठेंगणा, पाय असे की धरलेला माणूस मध्यरेषेपर्यंत ओढत न्यायचा. उंचाच्या चढाईवर टाळ्या पडायच्या. ठेंगण्याच्या चढाईवर लोक तोवर रोखलेला श्वास सोडायचे.

कबड्डीत एक नियम आहे जो हॉकीत नाही, आणि तुमच्या प्रश्नाची किल्ली मला तिथे दिसते. आपला गडी बाद होऊन बाहेर बसला की तो आपोआप परत येत नाही. आपल्या संघाने समोरचा गडी मारला की आपला एक उठतो, आणि तोही ज्या क्रमाने बसला त्या क्रमाने. म्हणजे तुमचा पहिला चढाईवाला पकडला गेला, तर त्याला उठवून आणायचं काम मुख्यतः दुसऱ्याचं.

शेजारच्या तालुक्यातला उपांत्य सामना. रात्रीचे साडेअकरा, हॅलोजनभोवती पाखरांचा ढग, माती शिंपडून फक्कीने आखलेलं मैदान. उंच गडी डाव्या कोपऱ्यात घोट्याला पकडला गेला, बाहेर बसला. पाठोपाठ आणखी तिघं बसले. आमचे तीनच आत, पाच गुणांनी मागे, सहा मिनिटं बाकी. ठेंगणा चढाईला गेला. पहिल्या चढाईत घाई केली नाही, तीस सेकंद फिरून रिकामा परत आला. लोक ओरडले, "अबे, भिऊन राह्यला का?" मला कळलं तो काय करतोय. त्याने कोपऱ्याचा गडी किती पुढे झेपावतो ते मोजून घेतलं होतं. पुढच्या चढाईत तो त्याच कोपऱ्याकडे गेला, पाय मुद्दाम ठेवला, पकड बसली, साखळीही आली, आणि तो तिघांना अंगावर घेऊन रेषेवर पडला. बोटं मध्यरेषेच्या अलीकडे. पंचाने तीन बोटं दाखवली. आमचे तिघं उठले, सर्वात आधी बसलेला म्हणून सर्वात आधी उंच गडी. त्याने पुढच्या चार चढायांत सामना फिरवला. एका गुणाने जिंकलो आणि दुसऱ्या दिवशी ढाल घरी आणली.

आणि मग तो फॅन. "उत्कृष्ट चढाईपटू" म्हणून आयोजकांनी टेबल फॅन ठेवला होता. तो उंच गड्याला मिळाला, कारण वहीत त्याचे गुण जास्त. वही खोटं बोलत नव्हती. पण ते चार चढायांचे गुण करायला तो उठला कुणामुळे, हे वहीत लिहायला रकाना नव्हता. आइस हॉकीत गोल करणाऱ्याइतकाच एक गुण पास देणाऱ्यालाही मिळतो, एका गोलामागे दोघा पास देणाऱ्यांना सुद्धा. आपल्या वहीत ती सोय नाही.

खालचा पुरा ट्रॅक्टरमध्ये परतताना गप्प होता. ठेंगणा स्वतः काही बोलला नाही, त्याचा मोठा भाऊ बोलला: "आमच्या पोराले कायले नेता मंग? ओझं उचलाले?" मी तेव्हा चूक केली. मी म्हटलं, "अरे, दोघंही सारखेच आहेत आपल्याले." हे वाक्य तोंडातून निघालं आणि वरचा पुराही नाराज झाला. पुढच्या वर्षी ठेंगणा शेजारच्या गावाकडून उतरला, आम्ही दुसऱ्या फेरीत बाहेर. उंच गडी पकडला गेला की बाहेर बसून राहायचा, उठवणारा कोणी नव्हता. गंमत अशी की तो ठेंगणाही तिकडे फार चमकला नाही. त्याच्याआधी समोरच्यांचा दम काढणारा त्याला तिथे मिळाला नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, गावात "दोघं सारखेच" म्हणत फिरू नका. कोण कशासाठी लागतो ते दोघांना समोरासमोर बसवून, मैदानावर काडीने रेघा ओढून दाखवा. चढाईची पाळी आधीच ठरवा, आणि एक बाद झाला की दुसऱ्याने पुढची चढाई बोनससाठी करायची नाही, गडी मारायलाच जायचं, कारण बोनसच्या गुणाने आपला गडी उठत नाही. हे आमच्या पोट्ट्यांना सुद्धा अर्ध्या हंगामानंतर उमगलं होतं. कप्तानी दोघांपैकी कुणालाच देऊ नये असं काही जण म्हणतात, तिसऱ्याला द्या म्हणजे भांडण नको. मला ते पटत नाही. ज्याला पंचाशी शांतपणे बोलता येतं त्याला द्या, तो चढाईवाला असला तरी. पण बाकी सगळं सारखं ठेवा: जाण्यायेण्याचं भाडं, बूट, दूध-अंडी, रोख बक्षिसाचा वाटा. वैयक्तिक बक्षीस आलं तर ते मंडळाचं, हे सामन्याआधी ठरवून कागदावर सह्या घ्या. नंतर घेतलेल्या सह्यांना गावात किंमत नसते.

आणि वहीत एक जास्तीचा रकाना आखा: कोणाच्या चढाईने किती गडी उठले. पाचवीतला पोरगाही तो भरू शकतो. महिनाभराने तो रकाना पारावर लावा, म्हणजे दोन्ही तटांना बोलायला नवीन विषय मिळेल.

तुमचा सराव सकाळी असतो की संध्याकाळी, ते लिहिलेलं नाही. वेचणी सुरू झाली की सकाळी निम्मे पोट्टे येत नाहीत, तेव्हा आतापासूनच संध्याकाळचा ठेवा. लाईन कोणत्या आठवड्यात दिवसाची आहे नि कोणत्या रात्रीची, ते दोघांच्या घरी विचारून घ्या. ओलित असलं की चढाईवाला येत नाही, मग तो कुठल्याही पुऱ्यातला असो.