विचारा की राव : सेकंडहँड जहाज, भंगार का कामाचं?

मागच्या अंकात या पानावर आपल्या नौदलाच्या जुन्या विक्रांतबद्दल, म्हणजे विमानं वाहून नेणाऱ्या नौकेबद्दल, चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेजचा नुसता पाऊस पडला, खऱ्या पावसाचा तर इकडं पत्ता नाही म्हणून म्हणलं हाच गोड मानून घेऊ. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, प्रश्नही बरेचसे सारखेच होते. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी नेव्हीत पंधरा वर्षं इंजिनखात्यात काढली आणि आता लातूरला पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो, त्यामुळं उत्तरं मिस्त्रीची आहेत, ॲडमिरलची नाहीत.

नमस्कार दादा, आमच्या पारावर वाद झाला. एकजण म्हणतो भारत दुसऱ्यांनी वापरून टाकलेली जहाजं घेतो, एवढा पैसा असून नवी का घेत नाही? आणि जुनं घेतलं तर ते टिकतं का? – एक वाचक, जिंतूर

दादा, तुमच्या पारावरचा तो माणूस अर्धा बरोबर आहे. जुनी विक्रांत घ्या, ती मुळात ब्रिटिशांची हर्क्युलिस, दुसरं महायुद्ध संपलं आणि अर्धवट बांधून तशीच पडून राहिली, आपण १९५७ ला विकत घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली आणि १९६१ ला नौदलात आणली. विराट ही दुसरी विमानवाहू नौका त्यांची हर्मीस, अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंडच्या लढाईत १९८२ ला त्यांच्या ताफ्याची मुख्य नौका होती, १९८७ ला आपली झाली आणि २०१७ पर्यंत चालली. म्हणजे इंग्रजांनी पंचवीस वर्षं वापरून सोडलेली नौका आपण आणखी तीस वर्षं चालवली, आता याला भंगार म्हणायचं का कसं ते तुम्हीच ठरवा.

नवी का नाही, तर वेळ लागतो राव. आपली नवी विक्रांत कोचीनला बांधली, २००९ ला कील, म्हणजे तळाचा कणा, ठेवली आणि २०२२ ला नौदलात आली, खर्च वीस हजार कोटींच्या घरात. मधल्या तेरा वर्षांत समुद्र काय रिकामा ठेवायचा? पेरणीला ट्रॅक्टर जूनमध्ये लागतो, शोरूमवाला दिवाळीला देतो म्हणाला तर माणूस सेकंडहँड बघतोच की.

पण घेताना एक गोष्ट बघायची, आणि ही मी पंधरा वर्षांत शिकलो, गाडी चालती आहे का उभी आहे. आपल्याकडं बाजारात ट्रॅक्टर घेताना म्हातारे लोक आधी विचारतात, किती दिवसापासून उभा आहे? रंग, टायर, सीट नंतर. उभं राहिलेलं मशीन आतून मरतं, बाहेरून लई देखणं दिसतं.

जहाजात याचं एकाच काळातलं उदाहरण आहे. जलाश्व ही अमेरिकेची ट्रेंटन, १९७१ ची, सैन्य आणि रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी. अमेरिकेनं १७ जानेवारी २००७ ला ती निवृत्त केली आणि त्याच दिवशी आपल्या हातात दिली, काल चालत होती आज आपली झाली. किंमत साधारण ४ कोटी ८० लाख डॉलर, जहाजांच्या हिशोबानं किरकोळच. कोरोनात मालदीवहून एका फेरीत ६९८ माणसं कोचीला आणली ती हीच.

आता दुसरी, विक्रमादित्य ही विमानवाहू नौका. रशियाची गोर्शकोव्ह. १९९४ ला बॉयलर रूममध्ये, म्हणजे इंजिनासाठी वाफ बनते तिथं, स्फोट झाला, दोनेक वर्षांनी सेवेतून काढली आणि पुढं नुसती उभी. २००४ ला करार झाला तवा सांगितलं जहाज फुकट, फक्त दुरुस्तीचे पैसे द्या, साधारण ९७ कोटी डॉलर, २००८ ला ताबा घ्या. मग खोलल्यावर कळलं. आतली वायर सगळी गेलेली, शेवटी जवळपास २३०० किलोमीटर केबल नवी टाकावी लागली, म्हणजे नांदेड ते मुंबई चार वेळा जाईल एवढी. रक्कम वाढत वाढत २३५ कोटी डॉलरच्या आसपास गेली आणि ताबा मिळाला नोव्हेंबर २०१३ ला. त्यातही २०१२ च्या चाचणीत आठपैकी सात बॉयलर बंद पडले! कारण ऐकून मी तर कपाळावर हात मारला, उष्णता अडवायला लावतात ते ॲसबेस्टॉस आपण नको म्हणलं म्हणून त्याजागी भट्टीच्या विटा लावल्या आणि पूर्ण जोरात चालवल्यावर त्या टिकल्या नाहीत. कॅगनं, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्यांनी, २००९ च्या अहवालातच लिहिलं होतं की जुन्या जहाजाला नव्यापेक्षा जास्त पैसे पडायलेत. तरी आज ती चालते, तिच्यावरून मिग-२९ के ही लढाऊ विमानं उडतात, त्यामुळं नुसतं नावं ठेवून बी चालत नाही. घेतली नसती तर २०१७ ला विराट गेल्यावर नवी विक्रांत येईपर्यंत पाच वर्षं आपल्याकडं एकही विमानवाहू नौका नसती.

आणि हो, विकणाऱ्याच्या अटी पण वाचाव्या लागतात. जलाश्व स्वस्तात मिळाली पण तिच्या वापरावर आणि तपासणीवर अमेरिकेच्या काही अटी होत्या, त्यावरून कॅगनं ताशेरे ओढले होते. आरसी नावावर झाली तरी एनओसी अडकलेली असते तसं समजा.

सर मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. जुन्या जहाजाचं संरक्षण अपग्रेड करतात म्हणजे नक्की काय करतात? आजच्या मिसाईलपुढं जुनं जहाज टिकेल का? – एक वाचक, उदगीर

ताई, प्रश्न लई चांगला आहे, थोडं सावकाश वाचा. जहाजाचं संरक्षण थराथराचं असतं, शेताला आधी काटेरी कुंपण मग कुत्रं मग घराची कडी तसं. लांबून येणाऱ्या विमानाला आणि मिसाईलला रोखायला बराकसारखी विमानविरोधी मिसाईल, त्यातून सुटलं तर एके-६३० ही सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ, मिनिटाला हजारोंनी गोळ्या सोडते, आणि सोबत चाफ, म्हणजे चमकीचे बारीक तुकडे हवेत फोडायचे आणि येणाऱ्या मिसाईलच्या रडारला खोटं जहाज दाखवायचं. पाण्याखाली टॉर्पेडोला चकवायला मारीच नावाची आपली स्वदेशी यंत्रणा आहे.

आता हे जुन्या जहाजावर बसवताना घोळ कुठं होतो, तर वजन आणि वीज. नवं रडार डोलकाठीवर उंच बसवलं की जहाज वरून जड होतं आणि लाटेत जास्त डोलतं, मग खाली वजन भरून तोल सांभाळायचा. आणि जनरेटर बनवलेत ५० वर्षांपूर्वीच्या लोडला, त्यावर आजचे कॉम्प्युटर, रडार, त्यांना थंड ठेवायला एसी, सगळं टाकलं की आपल्या डीपीसारखं होतं, एका डीपीवर वीस मोटारी टाकल्यावर काय होतं ते उन्हाळ्यात सगळ्यांनी बघितलंय. म्हणून नवीन मिसाईल टाकली ही बातमी वाचली की मी पहिल्यांदा मनात म्हणतो, जनरेटर बदलले का?

चांगलं झालेलं उदाहरण हवं असेल तर आयएनएस राजपूत लिहून ठेवा. १९८० ची नौका, ब्रह्मोस मिसाईल बसवलेली आपली पहिली नौका हीच, २०२१ ला निवृत्त झाली. आणि एक गोष्ट आपल्या नदीची. आयएनएस गोदावरी, माझगाव डॉकला बांधलेली, १९८३ ला नौदलात आली, २०१५ ला निवृत्त झाली. विक्रमादित्य आली तवा तिच्यावर विमानविरोधी मिसाईलच नव्हती, तर गोदावरीवरची बराक काढून विक्रमादित्यवर बसवली. एवढी महागाची नौका आणि पहिली ढाल मिळाली जुन्या गोदावरीकडून, पैठणच्या लोकांना हे सांगायला पाहिजे!

टिकेल का, तर कागदावर सगळं असून बी भरवसा नसतो. रशियाची मॉस्क्वा क्रूझर, म्हणजे मोठी युद्धनौका, १९८३ पासून सेवेत, विमानविरोधी मिसाईलनी भरलेली, एप्रिल २०२२ ला युक्रेनच्या दोन नेपच्यून मिसाईलनी गेली. अर्जेंटिनाची बेल्ग्रानो तर अमेरिकेची जुनी फिनिक्स, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यात वाचलेली, पण मे १९८२ ला ब्रिटिश पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडाली, ३२३ माणसं गेली. नशीब बघा, १९४१ ला ज्या हल्ल्यातून ती सुटली त्यापुढं चाळीस वर्षं जगली.

दुसरे देश पण असं घेतात का, का आपणच? – एक वाचक, अंबाजोगाई

घेतात की, लई जण घेतात. चीनची लिओनिंग मुळात युक्रेनमध्ये अर्धवट पडलेली वर्याग, १९९८ ला २ कोटी डॉलरला घेतली, सांगितलं मकावला तरंगता कॅसिनो करणार, आणि २०१२ ला विमानवाहू नौका म्हणून नौदलात घेतली! ब्राझीलनं ब्रिटनची ओशन ही हेलिकॉप्टरवाहू नौका घेतली, २०१८ ला. आपण स्वतः बी देतो आता, २०२३ ला आयएनएस कृपाण ही छोटी युद्धनौका व्हिएतनामला भेट दिली, चालू स्थितीतली, शस्त्रासकट.

जुनी जहाजं शेवटी जातात कुठं? – एक वाचक, वाळूज

भंगारात. जुनी विक्रांत आधी मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती मग तोडली, तिचं थोडं पोलाद बजाजच्या व्ही या मोटारसायकलीत वापरलं, २०१६ ला आली होती ती, तुमच्या वाळूजमध्ये कुणाकडं तरी अजून असेल. विराट २०२० ला गुजरातेत अलंगला, जहाजं तोडतात तिथं, गेली. तिचं संग्रहालय करायचं म्हणून बरीच वर्षं चर्चा झाली पण खर्च कोण करणार यावर घोडं अडलं.

काका, तुम्ही एवढी वर्षं जहाजावर होता तर समुद्र रोज बघायचात का? – इयत्ता आठवी, औसा

नाही रे बाळा. मी पाण्याच्या पातळीखाली, बॉयलर रूममध्ये. तिथं खिडकी नाही, दिवस का रात्र ते फक्त घड्याळावरून कळायचं, उन्हाळ्यात आपल्या पत्र्याच्या घरात दुपारी बसल्यासारखं पण वर्षभर, आणि कानात कापूस घालून बी आवाज डोक्यात शिरायचा.

एका जुन्या जहाजावर, नाव सांगत नाही, रात्री वाफेच्या पाईपावरचं कापडाचं आवरण एका जागी ओलं दिसलं. बाकी सगळं कोरडं, हाताच्या पंजाएवढा एकच डाग. सिनियर म्हणले हात लावू नको, वाफ फुटून निघाली तर दिसत पण नाही आणि हात कापून नेते. आम्ही झाडूचा दांडा पुढं धरून हळूहळू त्या पाईपाच्या कडेनं चालत गेलो, दांड्याचं टोक एका जागी सुतळी तुटावी तसं उडालं. मग बॉयलर बंद केला, आवरण सोललं तर खाली पाईप गंजून कागदासारखा झालेला, आणि वरून त्याला गेल्याच महिन्यात पांढरा रंग मारलेला होता.