वाचकांचे प्रश्न : बुश स्पेक्टर यांच्याच मागे का उभे राहिले?

प्रश्न : २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या रिपब्लिकन प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) मवाळ सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांना पॅट टूमी यांनी आव्हान दिलं. विचारांनी टूमीच राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या जास्त जवळचे. तरी बुश यांनी स्पेक्टर यांचा प्रचार केला, तो का? आणि स्पेक्टरच हवे होते तर पक्षाने त्यांना सरळ तिकीट का दिलं नाही? (सांगली)

उत्तर : आधी तिकिटाचं बघू. आपल्याकडे ज्याच्या हाती एबी फॉर्म, तो पक्षाचा उमेदवार. अमेरिकेत तसा फॉर्म देणारं कुणी नाही. उमेदवार कोण, हे प्रायमरीत मत देणारे लोक ठरवतात आणि खुद्द राष्ट्राध्यक्षालाही तिथे प्रचारच करावा लागतो. म्हणूनच २७ एप्रिलच्या मतदानाला आठ दिवस उरले असताना बुश पिट्सबर्गला गेले.

पाठिंब्याचं कारण जागांच्या हिशोबात होतं. सिनेटच्या १०० जागांपैकी रिपब्लिकनांकडे ५१. पेनसिल्व्हेनिया २००० मध्ये बुश यांचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी अल गोर यांनी जिंकलेलं. स्पेक्टर १९८० पासून तिथून निवडून येत होते. गर्भपाताच्या हक्काला त्यांचा पाठिंबा असल्यामुळे फिलाडेल्फियाच्या उपनगरांतले, एरवी डेमोक्रॅटना मत देणारे लोकही त्यांच्याकडे वळत. टूमी प्रायमरी जिंकले तर नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत जागाच हातची जाईल, ही भीती होती. शिवाय ज्येष्ठतेनुसार सिनेटच्या न्यायविषयक समितीचं अध्यक्षपद स्पेक्टर यांच्याकडे येणार होतं आणि न्यायाधीशांच्या नेमणुका याच समितीतून पुढे जातात. त्याच राज्याचे दुसरे सिनेटर रिक सँटोरम स्वतः कडवे पुराणमतवादी, पण तेही स्पेक्टर यांच्या बाजूने उतरले.

स्पेक्टर यांना ५,३०,८३९ मतं पडली, टूमींना ५,१३,६९३. दहा लाखांहून जास्त मतांत फरक फक्त १७,१४६ चा. इतक्या थोड्या फरकात बुश-सँटोरम यांचा पाठिंबा निर्णायक ठरला, असं आमचं मत आहे. नोव्हेंबरमध्ये स्पेक्टर आरामात जिंकले. बुश यांनी मात्र ते राज्य पुन्हा गमावलं. तरी हिशोब चुकला असं म्हणता येणार नाही, कारण जॉन रॉबर्ट्स आणि सॅम्युएल अलिटो या दोघांच्या सर्वोच्च न्यायालयावरच्या नेमणुका स्पेक्टर समितीचे अध्यक्ष असतानाच मंजूर झाल्या. पाठिंब्याची किंमत सँटोरम यांना चुकवावी लागली. २०१२ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, तेव्हा मिट रॉम्नी यांनी भर वादसभेत हेच प्रकरण काढलं.

प्रश्न : नेत्यांचा हात पाठीशी असला की विद्यमान सिनेटर सुरक्षित, असं समजायचं का? (ठाणे)

उत्तर : नाही. नेते पैसा आणू शकतात, सभा घेऊ शकतात, टीव्हीच्या जाहिरातीत आपला चेहरा देऊ शकतात. मतदारयादीत कोण असावं, हे त्यांच्या हातात नसतं. पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी बंद स्वरूपाची आहे, म्हणजे रिपब्लिकन म्हणून नोंद असलेल्यांनाच रिपब्लिकन प्रायमरीत मत देता येतं. २००८ च्या आसपास सुमारे दोन लाख रिपब्लिकनांनी आपली नोंद बदलून डेमोक्रॅटिक केली. मवाळ सिनेटरला वाचवणारी मतं नेमकी हीच. यादीत उरले ते जास्त कडवे.

फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामा यांच्या आर्थिक पॅकेजला मत देणाऱ्या तीन रिपब्लिकन सिनेटरांत स्पेक्टर होते. त्यानंतर रिपब्लिकन प्रायमरी जिंकणं अशक्य, हे त्यांनी ओळखलं आणि एप्रिलमध्ये पक्ष बदलला. आता ओबामा आणि बायडन त्यांच्या पाठीशी आले. पण मे २०१० च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत जो सेस्टॅक यांनी त्यांना ५४ विरुद्ध ४६ टक्क्यांनी हरवलं. सेस्टॅक यांच्या सर्वांत गाजलेल्या जाहिरातीत २००४ सालचे बुशच दिसत होते, स्पेक्टर यांची तारीफ करताना! नोव्हेंबरमध्ये ती जागा टूमींनी जिंकली.

इंडियानाचे रिपब्लिकन रिचर्ड लूगर यांची गत आणखी वाईट झाली. सहा वेळा निवडून आलेले हे सिनेटर २०१२ च्या प्रायमरीत रिचर्ड मर्डॉक यांच्याकडून सुमारे ६१-३९ ने हरले आणि मर्डॉक मुख्य निवडणुकीत डेमोक्रॅट जो डोनेली यांच्याकडून. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियात जी भीती होती, ती इथे खरी ठरली.

हरल्यावर अपक्ष उभं राहता येईल का, हे राज्यावर अवलंबून. कनेक्टिकटमध्ये जो लीबरमन २००६ ची डेमोक्रॅटिक प्रायमरी हरले, पण अपक्ष म्हणून जिंकले. अलास्काच्या लिसा मुर्कोव्स्की २०१० मध्ये मतपत्रिकेवर मतदारांनी हाताने नाव लिहिल्यामुळे निवडून आल्या. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी हरलेल्याला त्याच वर्षी अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर येता येत नाही.

प्रश्न : आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो. यजमान नागरिक आहेत, माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. प्रायमरीत आम्हाला काय करता येईल? (एक वाचक भगिनी)

उत्तर : यजमानांनी पहिल्यांदा राज्याच्या संकेतस्थळावर आपली पक्षनोंद तपासावी. कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर उमेदवार निवडण्यासाठी मत देता येणार नाही. पक्ष बदलायचा तर मतदानाच्या किमान १५ दिवस आधी अर्ज कार्यालयात पोहोचला पाहिजे. नुसता पोस्टात टाकून भागत नाही. आवडत्या उमेदवाराच्या अर्जावर सही करायची असेल तरी नोंद त्याच पक्षात हवी. सिनेटच्या उमेदवाराला अशा २,००० सह्या साधारण तीन आठवड्यांत गोळा कराव्या लागतात. दुसऱ्या पक्षातल्यांच्या, न वाचता येणाऱ्या, किंवा एकाच माणसाने दोघांना दिलेल्या सह्या हरकतीत उडतात, म्हणून शहाणे उमेदवार दुपटीने गोळा करतात.

तुम्हाला मत देता येणार नाही, पण ग्रीन कार्डधारकाला स्वतःच्या पैशातून देणगी देता येते. प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरल्या जातात, त्यामुळे देणगीची मर्यादाही दोन्हींना वेगवेगळी लागू होते. घरात कुणी एच-वन-बी व्हिसावर असेल तर त्यांनी एक डॉलरही देऊ नये. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करणं, पत्रकं वाटणं त्यांना चालतं.

आणि एक फार महत्त्वाचं. गाडीचा परवाना घेताना पडद्यावर मतदार नोंदणीचा विषय येऊ शकतो. तिथे घाईत नोंदणी होऊ देऊ नका. नागरिक नसताना झालेली नोंदणी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात गंभीर अडचण करते. चुकून नोंदणी झाली असेल तर मत देऊ नका आणि लगेच इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा.