वडील वारले, पीएम किसानचा हप्ता आता आईला मिळेल की मला?

दोघांनाही मिळू शकतो, पण वडिलांच्या नोंदणीत नाव बदलून नाही. वारसाला नव्याने अर्ज करावा लागतो. मी गावात सीएससी, म्हणजे सरकारी योजनांचे ऑनलाइन अर्ज भरून देणारं केंद्र चालवतो, अशी प्रकरणं कायम येतात.

तुम्ही लिहिलंय की सातबारा अजून वडिलांच्याच नावावर आहे आणि हप्ता पडतोच आहे. आधी तो थांबवा. मृत्यूचा दाखला घेऊन कृषी सहायकांना भेटा. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम सरकार परत मागतं आणि तोवर ती खर्च झालेली असते.

मग तलाठ्याकडे वारस नोंद. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. नोटिशीचे 15 दिवस गेले, कुणाची हरकत आली नाही, की मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, मंजूर करतात. हा फेरफार जपून ठेवा, सगळं त्यावरच आहे. या योजनेत 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर आलेली जमीन धरत नाहीत. अपवाद फक्त खातेदार वारल्यामुळे वारसाने आलेल्या जमिनीचा. खरेदीखत, बक्षीसपत्र चालत नाही. वडील हयात असतानाच हौसेने जमीन पोरांच्या नावावर केलेली मंडळी इथेच अडकतात.

पुढे फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढा, ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करा. निंदण-खुरपण करून आईच्या बोटांच्या रेषा झिजल्या असतील तर मशीन अंगठा घेत नाही. उगाच दहा वेळा दाबायला लावू नका, मोबाइल ॲपवर चेहरा दाखवूनही केवायसी होते. पैसे येतात ते आधारला जोडलेल्या खात्यात, तेव्हा ते खातं नेमकं कोणत्या बँकेतलं हे आधी बघून घ्या.

आता आई की तुम्ही? योजनेच्या हिशेबात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालची मुलं. तुम्ही सज्ञान आहात, म्हणजे वेगळं कुटुंब. दोघांची नावं सातबाऱ्यावर लागली की दोघांचेही अर्ज चालतात. पण आईला लाडकी बहीणचे 1500 येत असतील तर थोडं गणित करा. पीएम किसानचे वर्षाला 6000, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6000, म्हणजे महिन्याला 1000. ते सुरू झाले की लाडकी बहीणचे 500 च उरतात. बेरीज तीच! म्हणून अर्ज आधी तुमच्या नावाने करा. तुम्ही आयकर भरत असाल तर मात्र तुमचं नाव बाद, मग आईचाच करा. तसंही 65 वर्षांनंतर लाडकी बहीण बंद होते, तेव्हा तिला हा हप्ता लागेलच.